छपरावरील वीजघर

उन्हाच्या बाबतीत आपले सावरगाव कधीच दरिद्री नव्हते. पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर उरलेल्या आठ महिन्यांत येथे आकाशातून उष्णता आणि प्रकाश यांचा वर्षाव अखंड चालू असतो. आजवर आपण त्याचा उपयोग केला तो मिरच्या, पापड, कुरडया नि सांडगे वाळविण्यापुरता. वैशाखात तर त्याच उन्हाला शिव्या देत आपण दारे-खिडक्या लावून घेतो. अलीकडे मात्र पांढुर्ण्यात व आसपासच्या गावांत गच्च्यांवर काळ्या-निळ्या काचेच्या फळ्या दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या दिसू लागल्या आहेत. सर्वतोमुखी त्यांचे नाव 'सोलर' असे झाले आहे. विद्यार्थ्यांच्या घरांतूनही 'आपणही लावावे काय?' असा विचार चालू असल्याचे कानी येते. वर्गात या विषयावर मला जितके प्रश्न विचारण्यात आले, त्यांत एक प्रश्न सर्वांत अधिक वेळा आला: "गुरुजी, सोलर लावल्यावर लाइन गेली तरी पंखा चालेल ना?"

याचे उत्तर बहुतेक घरांच्या बाबतीत 'नाही' असे आहे. ते ऐकून मुले तर चकित होतातच. पण पैसे भरून बसलेले काही पालकही चकित झालेले मी पाहिले आहेत. विकणारा खोटे बोलतो असे नव्हे. तो इतकेच करतो, की विचारले नाही ते सांगत नाही. म्हणून काय विचारावे हे आधी ठाऊक असणे बरे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही फळी उन्हाच्या उष्णतेवर चालत नाही, प्रकाशावर चालते. गच्चीवर पाणी तापविण्याचे जे सौरयंत्र असते, ते निराळे. प्रकाश पडताच काही पदार्थांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हे बेकरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखवून दिले. परंतु त्यापासून कामास येईल असा सिलिकॉनचा सौरघट तयार होण्यास १९५४ साल उजाडले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो सिद्ध झाला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सहाच्या सुमारास भागाची वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या फळीत हे प्रमाण शेकडा वीस-बावीसपर्यंत गेले आहे. फळीत असे अनेक सौरघट एकापुढे एक जोडून काचेखाली बसविलेले असतात. त्यांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असतो; आपल्या घरातील दिवे-पंख्यांना लागणारा उलटसुलट वाहणारा प्रवाह करण्याचे काम भिंतीवरची पेटी करते. तिला इन्व्हर्टर म्हणतात. दिवे गेल्यावर बॅटरीवर पंखा चालविणारा जो इन्व्हर्टर आपल्या परिचयाचा आहे, त्याचे नाव तेच असले तरी स्वभाव वेगळा आहे. तो पुढे सांगेन.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरा पेच तेथेच आहे. 'किलोवॅट' हे यंत्राच्या सामर्थ्याचे माप, आणि 'युनिट' हे वापरलेल्या विजेचे माप. एक किलोवॅट सामर्थ्याचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्ची पडते. एक किलोवॅटच्या सोलरपासून आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे चार युनिटे मिळतात असे धरावे. म्हणजे तीन किलोवॅटचे यंत्र महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे देईल. यासाठी वर्षभराची बिले घेऊन बसावे आणि दर महिन्याचा युनिटांचा आकडा एका कागदावर मांडावा. हे काम घरातील आठवी-नववीच्या मुलाने करण्याजोगे आहे. सरासरी युनिटे किती, आणि बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागल्यास एक युनिट किती रुपयांस पडते, हे दोन आकडे हाती आल्यावाचून कोणत्याही ठेकेदाराशी बोलणे करू नये.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत एक कोटी घरांवर सोलर बसविण्याचे लक्ष्य तीत ठरविण्यात आले. तीनुसार पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये असे अनुदान ठरले. म्हणजे तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या यंत्रास मिळून ७८,००० रुपये, त्यापुढे नाही. सरकारने ही रक्कम ठरविताना यंत्राची प्रमाण किंमत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्यास ४५,००० धरली होती. या हिशेबाने तीन किलोवॅटचे यंत्र १,४५,००० चे, आणि अनुदान वजा जाता घरच्या खिशातून ६७,००० रुपये. प्रत्यक्षात ठेकेदार यापेक्षा अधिक सांगतात, म्हणून दोन-तीन ठिकाणची लेखी पत्रके मागवावीत. शिवाय योजनेच्या नावातील 'मुफ्त' या शब्दावर भाळून जाऊ नये. अनुदान यंत्र बसून चालू झाल्यानंतर बँकेत जमा होते. तोपर्यंत पूर्ण रक्कम स्वतः उभी करावी लागते, अथवा कर्ज काढावे लागते.

या ठिकाणी मध्यप्रदेशातील आपल्या घरांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या पुष्कळ कुटुंबांचे नातेवाईक काटोल, नरखेड, नागपूरकडे आहेत. ते सांगतात, "आमचे सोलर चार वर्षांत फिटणार." त्यांचे म्हणणे खरे असेल, पण तो महाराष्ट्रातील दरांचा हिशेब झाला. आपल्या राज्यात अटल गृह ज्योती योजनेखाली, महिन्याला १५० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरास पहिल्या १०० युनिटांना १०० रुपयेच पडतात. आता ज्या घरात दोन दिवे, दोन पंखे आणि एक दूरदर्शन संच आहे, ज्याचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, त्याने एक किलोवॅटचे यंत्र प्रमाण किमतीने ५०,००० ला घेतले, अनुदानाचे ३०,००० मिळाले, तरी २०,००० रुपये गेले. महिन्याला वाचणार फार तर शंभर. भागाकार करून पाहा: सोळा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल. ही सवलत चालू आहे तोवर अशा घराने घाई करण्याचे कारण मला तरी दिसत नाही. याउलट ज्या घरी कूलर, शीतकपाट, पाण्याची मोटार आहे आणि बिल दरमहा दीड हजार रुपयांनी कमी होण्यासारखे आहे, त्यांचे ६७,००० रुपये चार वर्षांच्या आत भरून येतात. एकाच गल्लीतील दोन घरांना एकच सल्ला लागू पडत नाही.

अर्ज सरकारच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. तो आपल्या भागात जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे जातो. येथे एक अडचण हटकून येते. विजेचे बिल अजून आजोबांच्या नावे असते, आजोबा तर केव्हाच निवर्तलेले; घर तीन भावांत वाटलेले, आणि अर्ज करणारा चौथाच. जोडणी अर्जदाराच्या नावे असली पाहिजे. तेव्हा नाव बदलण्याचे काम सोलरच्या आधी, स्वतंत्रपणे उरकून घ्यावे. तसेच अनुदानासाठी भारतात बनलेल्या सौरघटांच्याच फळ्या लागतात आणि ठेकेदार नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीबाहेरच्याकडून स्वस्तात घेतलेल्या यंत्रास अनुदान मिळत नाही.

कागदांचे काम झाले, आता घराच्या डोक्याकडे पाहू. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते, आणि ती सावलीविरहित हवी. आमच्या कोकणीत ज्यांना 'नळे' म्हणतात, त्यांना इकडे 'कवेलू' हा गोड शब्द आहे. पण शब्द कितीही गोड असला तरी कवेलूच्या छपरावर या फळ्या चढविणे जिकिरीचे असते, कारण माणूस चालला की कवेलू फुटतात आणि खालची लाकडे जुनी असतात. अशा घराने अंगणात लोखंडी मांडव घालून त्यावर फळ्या बसविण्याचा विचार करावा. टिनाच्या छपरावर बसविता येतात. मात्र खालचे अँगल भक्कम आहेत की नाहीत हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. स्लॅबची गच्ची सर्वांत सोयीची. एक फळी सुमारे सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडी अधिक रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या जवळपास वजनाची असते. तीन किलोवॅटला अशा सहा लागतात. म्हणजे वाळवणाची निम्मी गच्ची गेली असे समजावे. हा प्रश्न पुरुषमंडळी विचारात घेत नाहीत आणि मग मार्च महिन्यात घरात कुरबुर होते. चौकट माणसाच्या उंचीइतकी वर उभारल्यास खालची जागा मोकळी राहते. खर्च वाढतो, आणि वाऱ्याचा जोरही अधिक लागतो, म्हणून तिचे पाय तितकेच मजबूत हवेत.

सावलीचे गणित मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले गाव साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणी केली तर गच्चीवर सावली जवळजवळ दिसतच नाही, आणि ठेकेदार म्हणतो, "जागा उत्तम आहे!" डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेस क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असतो. भूमितीच्या विद्यार्थ्यांनी सांगावे: तेव्हा एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली किती? एक मीटर, उत्तरेकडे. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या कडुनिंबाची सावली त्याहून लांब. सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी लांब. आणि सावली थोडीशी पडली तरी हानी थोडीशीच होते असे नाही. फळीतील सौरघट एकामागून एक जोडलेले असतात. कापसाच्या गाड्या बाजाराच्या वाटेवर रांगेने चालल्या असता पुढची एक अडली की मागच्या साऱ्या खोळंबतात, तसा एका झाकल्या गेलेल्या घटामुळे त्याच्या ओळीतील इतरांचा प्रवाह अडतो. ही हानी मर्यादेत ठेवण्यासाठी फळीत आडवाटा ठेवलेल्या असतात, तरी घट व्हायची ती होतेच. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत सावली कोठे फिरते, हे खडूने गच्चीवर आखून पाहावे. शेजाऱ्याचा वरचा मजला चढणार आहे काय, हेही गोडीगुलाबीने विचारून घ्यावे.

बसविण्याचे प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांत आटोपते. प्रथम जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चौकटी येतात. त्यांचे पाय स्लॅबला भोके पाडून रोवणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे करणार, हे आधी ठरवावे. भोके पाडली तर ती पुन्हा नीट बुजवून घेतल्यावाचून माणसांना जाऊ देऊ नये, नाहीतर आषाढात स्वयंपाकघरात भांडी मांडण्याची पाळी येईल. मग फळ्या चढतात. ऊन असताना फळीतून वीज निघतच असते, तिला कळ दाबून बंद करता येत नाही. म्हणून त्या दिवशी मुलांनी गच्चीवर जाऊ नये. तारा नळीतून नेलेल्या असाव्यात. जमिनीत तीन वेगळे अर्थिंग घालावे लागतात: एक फळ्यांकडच्या बाजूचे, एक घराकडच्या प्रवाहाचे, आणि एक वीज पडण्यापासून संरक्षण करणाऱ्या काठीचे. तिन्हींच्या ऐवजी एकावरच भागविण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ती मानू नये. इन्व्हर्टरची पेटी ऊन न लागणाऱ्या, वारा खेळणाऱ्या भिंतीवर असावी.

यानंतर येतो तो प्रतीक्षेचा काळ, आणि त्याची कल्पना कोणी दिलेली नसते. यंत्र छपरावर तयार असते. पण वितरण कंपनीने दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर बसवून तपासणी केल्याखेरीज ते चालू करावयाचे नसते. 'तोवर हळूच चालू करू' असा मोह होतो. काही मीटरांना वीज घरात आली की बाहेर गेली हे कळतच नाही. तुम्ही बाहेर पाठविलेली युनिटेही ते तुमच्याच वापरात मांडून ठेवतात, आणि बिल कमी होण्याऐवजी वाढते!

आता त्या पंख्याच्या प्रश्नाकडे येतो. योजनेतील नेहमीचे यंत्र विजेच्या तारांशी जोडीने चालणारे असते. दिवसा घरापेक्षा अधिक वीज झाली की ती तारांत जाते, रात्री आपण तारांतून घेतो. लाइन गेली की ते यंत्र क्षणार्धात आपण होऊन थांबते, आणि ते हेतुपुरस्सर थांबविलेले असते. कारण लाइन बंद करून खांबावर चढलेला कामगार 'तार मेली आहे' असे समजून तीस हात घालतो. त्याच वेळी गावातील पन्नास छपरे तारांत वीज ढकलीत राहिली, तर त्याच्या प्राणांवर बेतेल. आपला पंखा अर्धा तास बंद राहतो, त्याची किंमत कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे. आपल्याच राज्यातील सांचीस २०२३ साली देशातील पहिले सौरनगर म्हणून घोषित केले गेले, पण तेथेही जवळच्या नागौरीच्या सौर प्रकल्पाची वीज तारांमधूनच गावात येते.

लाइन गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीसह चालणारे निराळे यंत्र घ्यावे लागते. त्याचे चांगले उदाहरण शेजारच्याच बैतूल जिल्ह्यात आहे. घोडाडोंगरी तालुक्यातील बाचा नावाच्या आदिवासी खेड्यात, सुमारे ७५ घरांतून, मुंबईच्या आयआयटीने तयार केलेल्या सौर चुली २०१८ च्या अखेरीपर्यंत बसविण्यात आल्या. त्यांत बॅटरीत साठविलेल्या विजेवर स्वयंपाक होतो. मात्र तो खर्च त्या कुटुंबांनी आपल्या पदरचा केलेला नव्हता, हे विसरू नये. बॅटरी महाग असते, फळ्यांच्या कितीतरी आधी म्हातारी होते, आणि सरकारी अनुदान मोजताना तिची किंमत धरली जात नाही. ज्यांच्या घरी रोज तासन्तास लाइन जाते त्यांनी तिचा विचार करावा. इतरांनी आपला जुना घरगुती इन्व्हर्टर सांभाळून ठेवावा.

यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आणखी एक आश्चर्य वाट्यास येते. ऊन सर्वांत कडक, तरी वीज सर्वांत अधिक नाही. फळीवर लिहिलेले सामर्थ्य पंचवीस अंश तपमानास मोजलेले असते. आपल्याकडील मे महिन्यात फळी पासष्ट अंशांपर्यंत तापते, आणि प्रत्येक अंशामागे सामर्थ्य हजारात साडेतीन-चार या प्रमाणात घटते. म्हणजे सुमारे सातवा हिस्सा उष्णतेनेच गिळला. फाल्गुनातील स्वच्छ, थंड वाऱ्याचा दिवस कित्येकदा सरस ठरतो. श्रावणातील ढगाळ दिवशी उत्पादन निम्म्यावर, कधी त्याखालीही येते. पावसाची तक्रार मात्र मी करणार नाही. समुद्रकाठच्या माणसाला पाऊस थोडा अधिकच प्रिय असतो, आणि फळ्या धुण्याचे काम तो फुकट करून जातो. उरलेल्या महिन्यांत धूळ साचते. आठ-पंधरा दिवसांनी पहाटे किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. काच तडकण्याचा संभव असतो.

काच तशी भक्कम असते. प्रमाणित फळीची परीक्षा घेताना तिच्यावर पंचवीस मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने मारतात. संत्र्याचा बहर झोडपून काढणाऱ्या नेहमीच्या गारांपुढे ती टिकावी. मोठ्या गारांची हमी कोणी देत नाही. आणि दगडांची तर नाहीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. तिची परंपरा काय, ती असावी की नसावी, हा येथील विषय नव्हे. पण काठालगतच्या घरांनी फळ्या बसविताना या एका दिवसाचा विचार केलेला असावा, आणि फुटलेली काच भरून देण्याविषयी कागदांत काय लिहिले आहे ते वाचून पाहावे. साधारणपणे फळीच्या उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टरची तिच्यापेक्षा पुष्कळ कमी. योजनेतील ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते, ही गोष्ट करारपत्रात आहे याची खात्री करावी.

पहिले बिल हाती आल्यावर त्यात शून्य नसेल, म्हणून गोंधळून जाऊ नये. जोडणीचा स्थिर आकार द्यावाच लागतो. बिलावर आता घेतलेली युनिटे आणि दिलेली युनिटे असे दोन आकडे येतात. फरकाचे पैसे भरावयाचे, आणि आपण दिलेली अधिक असतील तर ती पुढच्या महिन्यात मांडली जातात. आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो तो आपण देतो त्या दराहून बराच कमी असतो; म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र बसवून वीज विकण्याचे मनोरे रचू नयेत. पाण्याची मोटार, धुण्याचे यंत्र, इस्त्री ही कामे दिवसा उरकण्याची सवय मात्र सोयीची ठरते.

घरातील एखाद्या मुलाने एक वही घालावी. रोज सूर्यास्तानंतर इन्व्हर्टरवरील त्या दिवसाचे उत्पादन आणि मीटरवरील घेतलेली व दिलेली युनिटे, असे तीन आकडे तारखेनिशी लिहावेत. शेजारी 'ढग', 'धूळ', 'लाइन नाही' अशी टीप असावी. दोन स्वच्छ दिवसांत उत्पादन एकाएकी निम्मे झाले, तर गच्चीवर जाऊन पाहावे. बहुधा पिंपळाचे पान किंवा पतंग चिकटलेला असतो. आणि बिलातील आकडे वहीशी जुळले नाहीत, तर वही घेऊनच वितरण केंद्रात जावे. तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार लिहिलेल्या आकड्यांकडे तेथील कारकून अधिक लक्ष देतो.